हाताला झेपेल असा ब्रेक

पावसाळा सरत आला की माझ्या दवाखान्यात सायकलविषयीचे प्रश्न येऊ लागतात. गुडघे दुखतात, तरी चालवू का? रक्तातली साखर वाढली आहे, रोज किती चालवू? पाठीला सोसेल का? या प्रश्नांची उत्तरे आपण या पानांवर पूर्वीही वाचली असतील. आज ज्या विषयावर लिहायचे आहे तो मात्र डॉक्टरांना कुणी विचारीत नाही. तो सायकलच्या दुकानात विचारला जातो, आणि तिथे त्याचे उत्तर बहुधा किमतीच्या चढत्या क्रमाने मिळते. लांबच्या प्रवासाच्या सायकलीला ब्रेक कोणत्या प्रकारचा असावा? गेले तीन महिने मी या प्रश्नाचा विचार करीत आहे. तो आपल्यापुढे मांडण्याचे कारण एवढेच की त्यातला निम्मा विचार हाडांचा, सांध्यांचा आणि नसांचा आहे.

मी तलासरी तालुक्यातल्या झरी गावी राहते. पश्चिमेला घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आणि समुद्र. उत्तरेला गुजरातची सीमा. पूर्वेकडे जमीन हळूहळू चढत सह्याद्रीकडे जाते. माझे वय चौपन्न. या नोव्हेंबरात माझे पती आणि मी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला उतरून तिथून किनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलने जाणार आहोत. त्यांच्याकडे जुनी, मजबूत सायकल आहे. मला नवी घ्यायची होती. आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज दीड वर्षापूर्वी सुरू झाली आहे.

हा सांधा आपण एरवी लक्षात घेत नाही. किल्ली फिरवणे, बरणीचे झाकण उघडणे, फडके पिळणे, रक्तदाब मोजताना रबरी फुगा दाबणे ही सारी कामे त्याच्यावर चालतात. चिमटीत धरलेल्या वस्तूवर जेवढा जोर लावावा, त्याच्या अनेक पटींनी भार या सांध्याच्या कूर्चेवर पडतो. पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये ही झीज पुष्कळ आढळते. ब्रेक दाबताना काम करतात ती बोटे. परंतु त्या बोटांना विरोध करून हँडल धरून ठेवतो तो अंगठा. त्यामुळे लिव्हर जितका जड, तितका अंगठ्याच्या मुळावरचा ताण अधिक. नाशिकला असलेल्या माझ्या मुलीने फोनवर मला सायकलींचे वजन, गिअर, टायरची रुंदी असे सर्व काही सांगितले. मी विचारले, "ब्रेक किती बोटांनी लागतो?" ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "आई, तू येऊनच बघ."

नाशिकला जाण्यापूर्वी मूळ गोष्ट समजून घेतली पाहिजे, अन्यथा दुकानदाराच्या शब्दांच्या पावसात आपण भिजतो. सायकल थांबते ती अखेरीस टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाने. कोणताही ब्रेक त्या घर्षणाच्या पलीकडे जाऊ शकत नाही. ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार सेकंदाला सुमारे सात मीटर अंतर कापतो. धोका दिसणे आणि बोटे आवळली जाणे यांत एक सेकंद गेला, तर सात मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, पुढे आणखी पाच मीटर लागतात. ताशी चाळीसचा वेग असेल तर हेच बारा मीटरचे अंतर चोवीस मीटरच्या जवळ जाते. ब्रेक अधिक करकचून दाबला तरी एका मर्यादेनंतर मागचे चाक जमिनीवरून उचलले जाते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. तेव्हा कोरड्या सपाट रस्त्यावर एखादा साधा, नीट जुळवलेला ब्रेक आणि एखादा महागडा ब्रेक यांच्या थांबण्याच्या अंतरात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो तीन ठिकाणी: पावसात, लांब उतारावर, आणि दाबणाऱ्या हातात.

आपल्याकडे जुन्या काळ्या सायकलीला सळयांचा ब्रेक असे, अजूनही असतो. लिव्हर ओढला की सळई वर जाते आणि घोड्याच्या नालेसारख्या कमानीवरची दोन रबरे रिमला आतून घासतात. वायर नसल्याने ती तुटण्याचा प्रश्न नाही, आणि म्हणूनच हा ब्रेक इतकी वर्षे टिकला. परंतु त्या सायकलीची रिम चकाकत्या पोलादाची असते, आणि ओल्या पोलादावर रबर जवळजवळ पकड घेत नाही. आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर अशाच सायकलने रोज येतो. पावसाळ्यात तो उतारावर पाय घासत येतो, कारण ब्रेकपेक्षा त्याच्या चपलेवर त्याचा भरवसा अधिक आहे. त्याची निवड चुकीची आहे असे मी म्हणू शकत नाही. ॲल्युमिनियमची रिम असती तर हेच रबर पावसातही बऱ्यापैकी चालले असते.

रिमवर दाबणारे पुढचे प्रकार आपण पाहिलेच असतील. शर्यतीच्या सायकलीला चाकाच्या माथ्यावर चिमट्यासारखा कॅलिपर असतो. तो हलका आणि नेटका असतो. परंतु रुंद टायर आणि चिखलरोधक पत्रा यांना तिथे जागा उरत नाही. व्ही-ब्रेकला दोन उंच भुजा असतात, चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्या एका वायरने एकमेकींकडे ओढल्या जातात. स्वस्त, जोरदार आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारा असा हा ब्रेक आहे. सरळ हँडलच्या सायकलीवर तो उत्तम चालतो. वाकड्या, म्हणजे ड्रॉप हँडलच्या सायकलीवर मात्र एक अडचण येते. व्ही-ब्रेकला वायर अधिक लांब ओढावी लागते आणि त्या हँडलचे नेहमीचे लिव्हर ती थोडीच ओढतात. जोडी जुळली नाही तर लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक अर्धवट लागतो. म्हणून ड्रॉप हँडलच्या प्रवासी सायकलींना पूर्वी बाहेर पसरलेल्या आखूड भुजांचा कँटिलिव्हर ब्रेक लावीत. तो जुळवणे हे कौशल्याचे काम आहे, आणि ते येणारे मिस्त्री आता विरळ झाले आहेत.

रिमब्रेकची खरी परीक्षा आमच्या भागातला पाऊस घेतो. रिम भिजलेली असताना ब्रेक दाबला, तर पहिले दोन-तीन फेरे रबर केवळ पाणी पुसते. मोठ्या चाकाचा एक फेरा सुमारे दोन मीटरचा असतो. म्हणजे चार ते सहा मीटर अंतर सायकल जवळजवळ ब्रेकविना जाते, आणि तेवढ्यात रस्त्यावर आडवी आलेली म्हैस काही बाजूला होत नाही. पावसात चालवायचेच असेल तर उताराच्या आधीच ब्रेक हलका टेकवून रिम पुसून घ्यावी. शिवाय लाल मातीचे आणि वाळूचे कण रबरात रुततात आणि रिमला कानशीप्रमाणे घासतात. चाकातून कर्रकर्र आवाज येऊ लागला की रबर काढून ते कण सुईने उपटावेत, जसा पायातला काटा काढतो तसे. रिम कालांतराने झिजून आतून पोकळ होते. पुष्कळ रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम बदलावी.

डिस्कब्रेकचे तत्त्व निराळे. चाकाच्या मध्याशी पोलादी चकती असते आणि तिला दोन पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात. चकती रस्त्यापासून उंच असल्याने चिखल कमी लागतो. ओली झाली तरी ती चटकन पुसली जाते. रिम झिजत नाही, आणि आरे निसटून चाक थोडे वाकडे झाले तरी ब्रेक चालू राहतो. ही सारी सोय असताना शर्यतवाल्यांनी मात्र तिला बराच काळ दूर ठेवले. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने रस्त्यावरच्या व्यावसायिक शर्यतींत डिस्कची चाचणी सुरू केली; २०१६ मध्ये पॅरिस-रुबे शर्यतीत एका स्पर्धकाने आपल्या पायाची जखम चकतीमुळे झाल्याचे म्हटले आणि चाचणी स्थगित झाली. अखेर १ जुलै २०१८ पासून डिस्कला रीतसर परवानगी मिळाली. जखमेविषयी वाद झाला. पण उतार उतरल्यानंतरची चकती बोट भाजण्याइतकी तापलेली असते याविषयी वाद नाही. घरात लहान मुले असतील तर प्रवासाहून आलेली सायकल त्यांच्या हाताला लागेल अशी उभी करू नका.

डिस्कमध्येही दोन जाती आहेत. एकीत लिव्हरपासून चकतीपर्यंत वायरच असते. दुसरीत वायरऐवजी तेलाने भरलेली नळी असते. लिव्हर दाबला की तेल पॅडला पुढे ढकलते. हिला हायड्रॉलिक म्हणतात. वायरच्या घर्षणात आपल्या हाताचा काही जोर वाया जातो, आणि वायर जुनी होऊन गंजली की फारच जातो. तेलात तसे होत नाही. एका किंवा दोन बोटांनी हा ब्रेक पुरेसा लागतो.

डॉक्टर म्हणून माझे लक्ष इथे अडकले. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये करंगळी आणि अनामिका बधिर होण्याची तक्रार नेहमीची आहे. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने जाणारी नस हँडल आणि शरीराचे वजन यांच्यामध्ये दाबली जाते. ती जास्त दाबली गेली तर बोटांचा जोर कमी होतो आणि चिमूट ढिली पडते. दुसरी नस मनगटाच्या मधोमध असते. ती दाबली गेली की अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. मध्यम वयातल्या स्त्रियांमध्ये, मधुमेहात आणि थायरॉइडच्या विकारात हे अधिक आढळते. आपल्यापैकी ज्यांना रात्री हात झटकून जाग येते त्यांनी सायकल घेण्यापूर्वी ते आपल्या डॉक्टरांना सांगावे. दिवसभर हँडल धरून बधिर झालेल्या बोटांनी संध्याकाळच्या शेवटच्या उतारावर जड लिव्हर ओढायचा, ही गोष्ट मला कागदावरच्या कोणत्याही तुलनेपेक्षा महत्त्वाची वाटते. ड्रॉप हँडलवर तर वरच्या बाजूने धरले असता लिव्हरवरची तरफ कमी मिळते आणि वायरच्या ब्रेकला जोर अधिक लागतो. पूर्ण जोर मिळवण्यासाठी खाली वाकून धरावे लागते. मानेला स्पाँडिलोसिस असलेल्या माणसाला ते वाकणे उतारावर नकोसे होते.

उताराचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून पंच्याण्णव किलो वजन तीनशे मीटर खाली उतरले, तर सुमारे दोनशे ऐंशी किलोज्यूल ऊर्जा कुठे तरी जावी लागते. एवढ्या उष्णतेने घरातले जवळजवळ लिटरभर पाणी उकळीला येईल. वेगात उतरले तर यातली पुष्कळशी ऊर्जा वारा घेतो. हळू, ब्रेक धरून उतरले तर ती सारी ब्रेकमध्ये जाते. रिमब्रेक असेल तर रिम तापते, तिच्याबरोबर आतली ट्यूब तापते, आणि जड सामानाने लांब घाटात ट्यूब फुटण्याचा धोका निर्माण होतो. डिस्क असेल तर उष्णता ट्यूबपासून दूर, चकतीत राहते. परंतु पॅड तापून गुळगुळीत होऊ शकतात आणि तेलात पाणी मुरलेले असेल तर ते उकळून लिव्हर एकाएकी मऊ पडतो. म्हणून ब्रेक कोणताही असो, घाटात तो सतत धरून ठेवू नये. वळणाआधी पुढचा-मागचा दोन्ही नेटाने दाबावा, वेग पाडावा, सोडावा, चाकाला वारा घेऊ द्यावा. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तिथून विक्रमगडकडे परत उतरताना मी हे अनेकदा केले आहे. कोकणचा किनारी रस्ता तर याहून अवघड आहे. तिथे एकच मोठा घाट नाही. प्रत्येक खाडीपाशी सड्यावरून रस्ता तीव्र उताराने धक्क्यापर्यंत येतो. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा प्रत्येक फेरीबोटीपाशी हेच. उताराच्या तळाला वळण, वळणावर जांभ्याचे खडे, आणि पुढे पाणी.

पडण्याविषयीही लिहायला हवे, कारण ब्रेकचा प्रश्न शेवटी तिथेच येतो. माणूस पडताना हात पुढे टाकतो. पन्नाशीनंतरच्या स्त्रीचे मनगट अशा वेळी सहज मोडते, कारण पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत हाडांची घनता झपाट्याने घटते. तरुणांमध्ये गळ्याजवळचे, खांद्याकडे जाणारे हाड मोडताना आम्ही पाहतो. आणखी एक हाड फसवे आहे. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर जो लहान खळगा दिसतो, त्याच्या तळाशी नावेच्या आकाराचे एक छोटे हाड असते. ते मोडले तरी पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. हात फारसा सुजत नाही, माणूस मुरगळले समजून तेल चोळतो, आणि काही महिन्यांनी हाड न जुळल्याचे उघड होते. सायकलवरून पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ असला तरी दहा-बारा दिवसांनी पुन्हा दाखवा. मुलांच्या बाबतीत हँडलच्या टोकाकडे लक्ष द्या. ते पोटात बसले तर वरून केवळ एक गोल वण दिसतो आणि आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड दुखावलेले असू शकते. पोट दुखत राहिले, उलटी झाली, मूल निस्तेज झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि त्या टोकांवरची रबरी टोपी हरवली असेल तर आजच बसवा. एवढ्याशा वस्तूसाठी आई-वडील महिनोन्महिने का थांबतात हे कोडे मला उलगडलेले नाही.

झरीचे नाव इतिहासात आहे ते १९४५ च्या मे महिन्यात इथे भरलेल्या वारली शेतकऱ्यांच्या परिषदेमुळे. वेठबिगारीविरुद्ध उठलेली ती माणसे जंगलातून पायी चालत आली होती. आज त्यांच्या नाती-पणत्या सायकलवरून शाळेला जातात. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि शाळेतली गळती थांबवणाऱ्या उपायांत मला हा फार मोलाचा वाटतो. पण त्या सायकलींचे ब्रेक कुणी पाहत नाही. मी रस्त्यात थांबवून पाहते. पुष्कळ मुलींनी पुढचा ब्रेक ढिला करून ठेवलेला असतो, कारण घरी कुणीतरी सांगितलेले असते की पुढचा दाबला की माणूस तोंडावर आपटतो. या अर्धसत्याने नुकसान होते. ब्रेक लागताच शरीराचे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याची खरी ताकद तिथेच असते. मागचे चाक हलके होऊन नुसते घसरते. मुलीला पुढचा ब्रेक काढायला शिकवण्यापेक्षा तो कसा दाबावा हे शिकवा: कंबर थोडी मागे, कोपर ताठ न करता हातांवर तोल, पुढचा हळूहळू वाढवत जायचा आणि मागचा सोबतीला. ओल्या वळणावर मात्र पुढचा जपून, आणि शक्यतो वळण्याआधीच. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो. काही परदेशी बनावटीच्या सायकलींना तो डाव्या हाताला येतो. एकच सायकल घरात दोघेतिघे वापरत असाल तर हे आधी पाहून घ्या.

नाशिकच्या दुकानात मी तीन सायकली समोर मांडायला सांगितल्या. पहिलीला व्ही-ब्रेक, दुसरीला वायरची डिस्क, तिसरीला तेलाची. दुकानदार मोठ्या उत्साहाने चकतीचा व्यास सांगू लागला, एकशे साठ मिलिमीटर, एकशे ऐंशी. मी त्याला थांबवून आधी हात लिव्हरवर ठेवला. हँडल नीट धरून तर्जनीचे पहिले पेर लिव्हरच्या वळणावर सहज पोचायला हवे. पहिल्या सायकलीवर ते पोचले नाही. माझा हात लहान आहे. बहुतेक स्त्रियांचा असतो. पण लिव्हरच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. दुकानदाराला तो माहीत होता. इतक्या वर्षांत कुणी फिरवायला सांगितला नव्हता एवढेच. मग मी प्रत्येक सायकल ढकलत नेऊन पुढचा ब्रेक दाबला. मागचे चाक उचलले गेले तर ब्रेकमध्ये पुरेशी ताकद आहे. तिन्हींचे उचलले गेले! पुढे दुकानामागच्या उतारावर प्रत्येकीवर वीस वेळा वर-खाली केले, आणि हात काय म्हणतो ते ऐकले. व्ही-ब्रेकवर चौदाव्या फेरीला अंगठ्याचे मूळ बोलू लागले. वायरच्या डिस्कवर अठराव्याला. तेलाच्या ब्रेकवर वीस फेऱ्या झाल्या तरी ते गप्प होते.

मुलीने हरकत घेतली. "दापोलीच्या पुढे तेलाची नळी फुटली तर दुरुस्त कोण करणार?" प्रश्न रास्त आहे. वायर तुटली तर ती कोणत्याही गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळते. तेलाच्या ब्रेकमधली हवा काढायला वेगळी साधने लागतात आणि ती शहरातच असतात. म्हणूनच दूरच्या मुलखात महिनोन्महिने फिरणारे अनेक प्रवासी वायरची डिस्क किंवा साधा व्ही-ब्रेक पसंत करतात, आणि ते शहाणे आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पूर्ण करून आले, तेव्हा आम्हा डॉक्टरमंडळींना फार अभिमान वाटला. परंतु त्या शर्यतीत स्वाराच्या मागे गाडी, सोबतीला माणसे आणि सुटे भाग असतात. शर्यतवाल्यांची निवड प्रवाशाने जशीच्या तशी उचलू नये. हे सारे मान्य करून मी मुलीला एवढेच म्हटले, की नळी फुटणे क्वचित घडते आणि माझा हात मात्र दिवसातून शेकडो वेळा ब्रेक दाबणार आहे. तिला पटले की नाही ठाऊक नाही. तिने बिल पाहून सवलत मात्र मागितली.

मी सरळ हँडलची, दोन्ही चाकांना एकशे साठ मिलिमीटरच्या चकत्यांची, तेलाच्या ब्रेकची सायकल घेतली. तेल खनिज प्रकारचे निवडले. दुसऱ्या प्रकारचे तेल हवेतली ओल शोषते आणि ठरावीक काळाने बदलावे लागते. आमच्या दमट हवेत ते मला नको होते. दोन्ही तेले एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चुकीचे भरले तर आतली रबरे खराब होतात, म्हणून लिव्हरवर काय लिहिले आहे ते वाचावे. सोबत पॅडची एक जादा जोडी घेतली, तीही दुकानातच आकार जुळवून, कारण पॅडचे आकार अनेक आहेत आणि वाटेत हवा तो मिळेलच असे नाही. चाक काढलेले असताना लिव्हर दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात. प्रवासात चाक काढताना मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा सरकवून ठेवावा. चेनला तेल घालताना थेंब चकतीवर उडाला तर ब्रेक केकाटतो आणि लागत नाही. मी चेनला तेल घालताना चकतीवर जुन्या साडीचा तुकडा बांधते.

माझ्या पतींची सायकल बदललेली नाही. त्यांचे हात उत्तम आहेत, सायकल व्ही-ब्रेकची आहे. तिच्या चौकटीला आणि पुढच्या चिमट्याला डिस्क बसवण्याची जागाच नाही. तशी जागा नसलेल्या सायकलीवर डिस्क जुगाडाने बसवून देतो म्हणणाऱ्यांचे ऐकू नये; डिस्कचा सारा ताण चिमट्याच्या एका बाजूला, खालच्या टोकाशी येतो आणि साधा चिमटा त्यासाठी घडवलेला नसतो. त्यांच्यासाठी चांगली रबरे, नव्या वायरी आणि वायरीवरची नवी आवरणे घेतली. खाऱ्या वाऱ्यात पहिली गंजते ती वायर. एवढ्या थोड्या खर्चात त्यांचा ब्रेक इतका मऊ झाला की ते मला दोन दिवस चिडवीत होते. कंपाउंडरच्या सायकलीला ॲल्युमिनियमची रिम बसवावी असा माझा आग्रह आहे. तो म्हणतो, आधी दिवाळी होऊ द्या.

निघण्याआधी माझे एक काम राहिले आहे. नवी चकती आणि नवे पॅड एकमेकांना लगेच पकडत नाहीत. पॅडचा बारीक थर चकतीवर समान बसावा लागतो, आणि त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडकवता, नेटाने वेग पाडायचा असे वीस-पंचवीस वेळा करावे लागते. बोर्डीचा किनाऱ्यालगतचा रस्ता सकाळी सहाला रिकामा असतो. पाऊस उघडला की तिथे जायचे ठरवले आहे.